उतारावर मोजलेलं तेल

॥ श्री ॥

अमडापूर,
१२ जानेवारी २०२५

ती. भगवंतदादा यांस,
सुधाकरचा सा. न. वि. वि.

एसटीच्या वर्कशॉपात चौतीस वर्षं तुमच्या कानांनी इंजिनं ऐकली आणि आता माणसांचं ऐकणं सोडून दिलं. फोनचा उपयोग नाही, मोबाईलवरचं तुम्ही वाचत नाही. तेव्हा बहिणीच्या नवऱ्याला कागद घेऊन बसणं आलं.

विषय गाडीचा. वीस वर्षांची झाली, आजवर तक्रार नव्हती. पण पोळ्यापासून तेल खाते आहे. आठवड्याला लिटरभर इंजिन ऑइल टाकतो आणि मागून निळा धूर निघतो. इथला मेकॅनिक देवानंद म्हणतो की गुरुजी, गाडी तेल पिऊन राह्यली, इंजन उतरवाच लागते. त्याला पंधरा दिवस हवेत. मला चार दिवससुद्धा देता येत नाहीत. दर मंगळवारी आणि शुक्रवारी प्रतिमाला डायलिसिसला बुलढाण्याला न्यायचं असतं, येऊन-जाऊन जवळपास नव्वद किलोमीटर. परतताना तिला बसता येत नाही, मागच्या सीटवर आडवी होते, म्हणून बसचा विचारच नको. रस्त्यात गाडी बंद पडली तर काय, या काळजीने मी आधीच अर्धा झालो आहे.

प्रतिमा बरी आहे, म्हणजे होती तशीच आहे. बोलणं कमी झालंय. काय करावं ते सविस्तर कळवा. तुमची माया आहे म्हणूनच हा त्रास देतो.

आपला,
सुधाकर

—

संग्रामपूर,
१९ जानेवारी

श्री. सुधाकरराव यांस,
स. न. वि. वि.

पत्र पोचलं. देवानंदला सांगा, हात खिशात ठेव. तेल जळतं म्हटलं की इंजिन उतरवणारे मेकॅनिक मी आयुष्यभर पाहिले. आधी गाडीला विचारायचं, मग पाना उचलायचा.

धूर फक्त सकाळी सुरू करताना येतो, की चढावर, की सतत? सगळे प्लग काढून देवानंदकडून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजून घ्या. कमी आलं तर चमचाभर तेल आत सोडून पुन्हा मोजायचं. वाढलं तर पिस्टनच्या रिंगा गेल्या, नाही वाढलं तर व्हॉल्व्हचं दुखणं. एअर फिल्टरचा डबा उघडून पाहा. आणि तेलाची पट्टी तुम्ही केव्हा, कुठे पाहता तेही लिहा. हसू नका, हाच प्रश्न मोठा आहे.

माझ्या गुडघ्यांमुळे मला येववत नाही, नाहीतर एका सकाळचं काम होतं. प्रतिमाला आशीर्वाद. ती दोन ओळी का लिहीत नाही? दोघांनीही आठवण राहू द्यावी.

तुमचा,
भगवंत

—

अमडापूर,
२६ जानेवारी

ती. दादा यांस,
सा. न. वि. वि.

गृहपाठ पूर्ण केला. धूर सतत येतो, वेग वाढला की जास्त. कॉम्प्रेशन सगळीकडे सारखं आणि चांगलं आलं, चमच्याची वेळच आली नाही. देवानंदचं तोंड उतरलं. एअर फिल्टर मात्र तेलाने निथळत होता.

तेल मी सोमवारी आणि गुरुवारी संध्याकाळी, इंजिन थंड झाल्यावर पाहतो. गाडी तेव्हा ओट्याशी लावलेली असते. पोळ्याच्या सुमारास प्रतिमाच्या पायातलं बळ गेलं, तेव्हा मी ओट्याला सिमेंटचा उतार करून घेतला. पुढची चाकं त्यावर चढवली की तिच्या बाजूचं दार बरोबर पायरीला लागतं आणि तिला खाली वाकावं लागत नाही. पट्टी दर वेळी खुणेच्या खाली दिसते, मग मी खुणेपर्यंत तेल भरतो. यात काही चुकतं असं मला वाटत नाही.

दादा, खरं सांगतो, थकलो. हिच्या दुखण्यात मला काही करता येत नाही. निदान गाडी तरी ठीक ठेवावी एवढंच डोक्यात असतं. उत्तर लवकर द्या, जीव तिकडे लागला आहे.

आपला,
सुधाकर

—

अमडापूर,
२९ जानेवारी

ती. दादास,
प्रतिमाचा शि. सा. न. वि. वि.

अक्षर वेडंवाकडं आहे, समजून घे. सुयांचा हात सुजला आहे. हे पत्र यांना न सांगता पोस्टमनजवळ देते आहे.

तुमची गाडीची पत्रं मी वाचते. दादा, तू यांना लिही की गाडी आता कामाची नाही, विकून टाका. तुझा शब्द हे मानतील. गाडी गेली की हळूहळू जाणंही सुटेल. चौदा महिने झाले. मंगळवारी जायचं, बुधवारी पडून राहायचं, गुरुवारी जरा माणसासारखं वाटतं तोवर शुक्रवार उभा. मला मरायची घाई नाही, पण पुरे झालं. डॉक्टर म्हणाले की हे असंच चालायचं, बरं होण्यातलं नाही. यांना हे तोंडाने सांगायला गेले की यांचा चेहरा पाहवत नाही. हे ओट्याला उतार करून देतात, गाडीखाली कंदील घेऊन वाकतात, आणि मी यांना काय सांगू?

लहानपणी माझ्या चुका तू अंगावर घ्यायचास. एवढं शेवटचं कर. या बहिणीवर रागावू नकोस.

तुझी,
प्रतिमा

—

संग्रामपूर,
५ फेब्रुवारी

चि. सौ. प्रतिमास,
दादाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीन दिवस उशाशी होतं. तू सांगितलंस तसंच पत्र मी आधी लिहिलं. गाडी भंगारात काढा म्हणून. पाकीट चिकटवलं, पोस्टापर्यंत गेलो आणि तिथेच फाडलं.

बाई, त्या इंजिनाला काही झालेलं नाही. धडधाकट आहे. मी ते वाईट म्हटलं तर सुधाकरराव आठ दिवसांत दुसरी गाडी दारात उभी करतील, हे तुलाही ठाऊक आहे. आणि समजा नाही केली, तुझं जाणं सुटलं, तुला काही झालं, तर तो माणूस जन्मभर त्या गाडीला आणि स्वतःला दोष देत बसेल. मला मात्र माहीत असेल की गाडीत काही नव्हतं. एवढं मला पेलवणार नाही.

तू जा किंवा जाऊ नकोस, हे सांगायचा अधिकार मला नाही. तू राहावीस असं मला वाटतं, ते तर वाटणारच. पण पुरे म्हणायचं असेल तर ते तू त्यांना तोंडाने म्हण. त्यांचा चेहरा पाहवणार नाही, तरी म्हण. तुझ्या त्या चुका लहान होत्या गं. लिहिताना रडलो, म्हणून शाई पसरली आहे. माझी माया तुझ्याजवळ आहे, ती कमी समजू नकोस.

तुझा,
दादा

—

संग्रामपूर,
५ फेब्रुवारी

श्री. सुधाकरराव यांस,
स. न. वि. वि.

गणिताच्या मास्तरांनी चढावर उभ्या गाडीचं तेल मोजावं, याला काय म्हणावं? नाक वर केलं की तेल मागे सरकतं आणि पुढची पट्टी कोरडी दिसते. तेल असतं पुरेसं, तुम्ही वर आणखी ओतता. जास्तीचं तेल आत घुसळून फेसाळतं, इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या ब्रीदरच्या नळीतून एअर फिल्टरमध्ये जातं आणि जळतं. ते कमी झालं की तुम्ही पुन्हा उतारावर मोजता आणि पुन्हा ओतता. गाडी तेल खात नव्हती, तुम्ही भरवत होता.

गाडी सपाटीवर घ्या, दहा मिनिटं थांबा, खुणेच्या वरचं तेल खालच्या नटातून काढा. ब्रीदरची नळी धुवा, फिल्टर नवा टाका, प्लग साफ करा. दोन तासांचं काम आहे. थोडं तेल तरीही लागेल, वयच झालंय तिचं.

ओट्याचा उतार मात्र काढू नका. आणि प्रतिमा काही बोलू पाहत असेल तर गाडीखालून बाहेर येऊन ऐका. एवढं माझ्या शब्दाखातर करा.

तुमचा,
भगवंत

—

अमडापूर,
१७ फेब्रुवारी

ती. दादा यांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही सांगितलं तसं सगळं केलं. बारा तारखेला देवानंदने वरचं तेल काढलं. तो म्हणाला की गुरुजी, एवढ्या तेलात भजे झाले असते. धूर गेला. पाच दिवसांत पट्टीवरचं तेल जागचं हललं नाही. मी मात्र अजून लाजतो आहे.

शुक्रवारी जाताना, चिखलीच्या अलीकडे, प्रतिमाने गाडी बाजूला घ्यायला सांगितली. मला वाटलं ओकारी येते आहे. तिने तुम्हाला लिहिलेल्या पत्राचं सांगितलं आणि तुम्ही काय उत्तर दिलं तेही. मग म्हणाली की अहो, जीव थकून राह्यला, तुम्ही मले एकदा तरी इचारा. ट्रक जात होते, गाडी हलत होती. मी स्टिअरिंग धरून बसलो. चौदा महिने मी तिला औषध विचारलं, पाणी विचारलं, ऊन लागतं का विचारलं. जायचं का, हे एकदाही विचारलं नाही. त्या दिवशी तीच म्हणाली की आता आलोच आहोत तर जाऊ, म्हणून गेलो.

तुमच्यावर राग नाही. तुम्ही गाडी वाईट म्हणाला असता तर मी खरंच नवी आणली असती.

उद्या मंगळवार. सकाळी मी तिला विचारणार आहे. ती नाही म्हणाली तर पुन्हा विचारायचं नाही, तोंड पाडायचं नाही, असं तिला कबूल केलं आहे. ती काय म्हणेल ते मला माहीत नाही, दादा. हे पत्र आजच टाकतो, उद्या लिहायचं बळ राहील की नाही सांगता येत नाही.

आम्हा दोघांवरचा लोभ उणा होऊ देऊ नका.

आपला,
सुधाकर