चाळिसाव्या सेकंदाला

१४ एप्रिल, सोम.
पुलगावच्या मिरवणुकीत यांचं भीमगीत तीन डीजेंवर वाजलं. गाणारा जाऊन वर्ष होत आलं, गाणं मात्र ठणठणीत. पुतणी प्रज्ञाने एकच ध्यास घेतलाय: देशातल्या गाण्यांची जी अधिकृत यादी दर आठवड्याला निघते, तिच्यात पहिल्या स्मृतिदिनाआधी मोठेबाबांचं गाणं यावं. शेवटच्या नंबरवर का होईना. म्हटलं, मग आजचे किती धरले?
"शून्य. पेनड्राइव्हवरचं कोण मोजून राह्यलं, मोठीआई?"
मोबाइलवर, नेट लावून ऐकलेलंच धरतात. पायात गोळे आले नाचणाऱ्यांच्या, ते फुकट.

१८ एप्रिल, शुक्र.
यादीचा आठवडा शुक्रवारी सुरू होतो, गुरुवारी मिटतो. काल शेवटचा दिवस म्हणून प्रज्ञाने विहारात बायका जमवल्या. एका फोनला मोठा स्पीकर जोडला, सगळ्यांनी डोळे मिटून ऐकलं. चाळीसेक बाया. मोजणीत एक! मला हसू आलं, ती रडवेली.
गाणं नेटवर तिनेच टाकलंय, म्हणून तिच्या फोनवर ऐकणाऱ्यांची गावंही दिसतात. वर्धा, नागपूर, पुणे. सगळ्यात खाली, सुरत: १.
सुरतेत आपलं एकच माणूस आहे. दोघींपैकी कुणी नाव घेतलं नाही.

२४ एप्रिल, गुरु.
सुरत रोज एक. दुपारी जेवायच्या सुट्टीत ऐकत असेल. माझा सुमेधच.
या गाण्याची सीडी निघाली तेव्हा तो एकोणीस वर्षांचा. ढोलक त्याचा. कव्हरवर यांचं नाव, नागपूरच्या हार्मोनियमवाल्याचंही नाव. पोराचं नाही. त्याने विचारलं तर हे म्हणाले, "ढोलकवाल्याचं नाव कोणी वाचते का?" तो म्हणाला, "मंग माह्यावाचून गा." घर सोडून गेला, त्याला सतरा वर्षं झाली. बापाच्या मातीलाही आला नाही. मी त्या वेळी मधे बोलायला हवं होतं. पोळ्या लाटत बसले.

२ मे, शुक्र.
यादीत नाहीच. होणारही नव्हतं, तिथे पहिल्या नंबरवाल्याला लोक कोटींनी ऐकतात म्हणे.
आज प्रज्ञाने एक नियम सांगितला. गाणं तीस सेकंद ऐकलं की मोजतात. पुढे बंद करा नाहीतर शेवटपर्यंत ऐका, आकडा तोच.
घड्याळ घेऊन बसले. सुरुवातीला नुसता ढोलक आणि पेटी. यांचा आवाज लागतो चाळिसाव्या सेकंदाला.
म्हणजे तो स्वतःचा ढोलक ऐकतो आणि बंद करतो? की बापासाठी थांबतो? सुरत: १. एवढंच कळणार.

९ मे, शुक्र.
सुमेधला फोन केला. वाजत राहिला. पुन्हा केला ना

प्रज्ञा आली म्हणून वरचं अर्धवट राहिलं. तिचं म्हणणं, लोक सुरुवातीलाच कंटाळून पुढे जातात, तर ते सुरुवातीचं वाजवणं कापून गाणं नव्याने टाकू. "मंग तीस सेकंदात मोठेबाबांचा आवाज येईन. मोजणी वाढन."
आणि मला कळेल, तो यांचा आवाज ऐकतो की नाही. घटकाभर मोह झाला, खोटं कशाला लिहू.
नको म्हटलं.
"काऊन नाई म्हणतं?"
सांगितलं, एकदा कव्हरवरून काढलं त्याला. आता गाण्यातूनही काढू?
ती फोनवर गाण्याखाली ढोलकवाल्याचं नाव घालता येतं का, ते शोधू लागली. येतं. घातलं. सतरा वर्षांनी, दोन मिनिटांत.

१५ मे, गुरु.
उद्या स्मृतिदिन. विहाराची झाडलोट झाली, भन्तेजींना निरोप गेला.
कालचा आकडा आज कळतो. सुरत: शून्य. परवाचाही शून्य. प्रज्ञा म्हणाली, "बंद केलं असन त्यानं." असेल. नाव बघून चिडलाही असेल, उशिरा आलेल्या नावाचं काय करायचं त्याने? सुरतेहून गाडीला अख्खी रात्र लागते, हेही मनात येतं. येतं आणि मी ते बाजूला सारते. आकड्याची एवढी भीती मला कधी वाटली नव्हती.
तिला बजावलंय, उद्या गाणं पहिल्यापासून लावायचं, ढोलकासकट. विहार स्टेशनच्या रस्त्यावरच आहे. आवाज तिथपर्यंत जाईल एवढा ठेव म्हटलं.