पहिला खेळ गावात

३ ऑगस्ट २०२५

चार महिने इथं एक ओळ नाही. माफ कर. वेळ नव्हता असं लिहिणार होते – खोटं आहे. वेळ होता. लिहायला बसले असते तर करारावर सही का केली, तेही लिहावं लागलं असतं.

मुंबईच्या एका मोठ्या स्टुडिओनं ऑनलाइन मालिकांसाठी स्वतःचं ॲप काढलंय. माझी दारव्ह्याजवळच्या कापसाच्या गावातली सात भागांची मालिका त्यांनी घेतली. म्हणजे मीच दिली. माझ्या फिल्म्स घेणारी दोन लहान ॲप्स होती; एक बंद पडलं, दुसरं याच स्टुडिओनं विकत घेतलं. शिवाय मोठ्या कंपन्या अख्खे सिनेमे फुकट टाकायला लागल्यापासून माझ्या ऑनलाइन चॅनलकडे दारव्ह्याचे लोकसुद्धा फिरकेनात. हे सगळं खरं आहे. पण कारण एवढंच नाही.

५ ऑगस्ट

कपिल आला होता. बारा वर्षं माझा कॅमेरा तोच धरतो. लोहाऱ्याच्या एमआयडीसीतली पाळी संपवून सरळ माझ्या घरी. बस म्हटलं तर बसला नाही.

"ताई, गावातले विचारून राह्यले. पडदा कवा लावता म्हन्ते."

आमची रीतच आहे ती. फिल्म झाली की पहिला खेळ जिथं शूटिंग झालं त्या गावात, शाळेच्या पटांगणात. त्यात दिसणाऱ्या कुणीही "हे काढा" म्हटलं की काढायचं. वाद नाही. किती सुंदर शॉट असे गेले! बैलानं ढकललं आणि भगवानराव शेणात बसले – लोक हसून लोळले असते. भगवानराव म्हणाले, "माह्या जावयानं पाह्यलं तर?" गेला शॉट.

करारात कलम आहे – प्रदर्शनाआधी बाहेरच्या कुणालाही दाखवायचं नाही. शेवटची काटछाट त्यांची.

"गाववाले बाहेरचे?" कपिल म्हणाला. "मंग आतला कोन, ताई? तो सलील?"

सलील म्हणजे स्टुडिओचा माणूस. माझ्याशी तोच बोलतो.

६ ऑगस्ट

सलीलला दोनदा फोन लावला. तो उचलायच्या आत दोनदा ठेवला.

८ ऑगस्ट

मुद्द्यावर ये.

तानाबाई. मालिकेतली सासू. आयुष्यात कधी कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या नव्हत्या. गेल्या नोव्हेंबरात वेचणीचा सीन होता. मी म्हटलं, सासूला कशाचा तरी पस्तावा होतोय, तुमच्या मनानं बोला. त्या बोलल्या – पुतणीला बघायला आलेल्या पाहुण्यांना रस्त्यात गाठलं आणि सांगितलं, पोरीला फिट येते. येत नव्हती! दोन शेतांमधल्या धुऱ्यावरून जावेशी भांडण होतं, त्याचा राग. स्थळ मोडलं. पुढं कुठलंच जमलं नाही.

कट म्हटलं. त्या माझ्याजवळ आल्या, पदरानं तोंड पुसलं. "ताई, हे खरं हाय. आमच्या वैष्णवीचं. कोनालेच माईत नाई. काढून टाकजा."

"काढते," मी म्हटलं.

वैष्णवी दारव्ह्याला आईजवळच राहते. ब्लाउज शिवते. माझेही तीन तिनंच शिवलेत.

११ ऑगस्ट

सलीलचा फोन. ट्रेलर गणपतीत.

"मॅम, सुरुवातच त्या सासूबाईंनी! काय मनानं बोलल्यात! मी तर रडलो."

मी म्हटलं, तो शॉट काढायचाय.

"काय बोलताय? तो बघूनच तर वरच्यांनी होकार दिला."

लिहून टाक आता. तो शॉट त्यांच्याकडे गेला कसा? मीच पाठवला. मार्चमध्ये, नमुन्याच्या तीन मिनिटांत. वाटलं, चार लोक बघतील, ज्यांना दारव्हा कुठं आहे तेही ठाऊक नाही. आणि काटछाटीचं ते कलम वाचून मला राग आला, असं कपिलला सांगितलं होतं. आला, पण नंतर. आधी सुटल्यासारखं वाटलं होतं! आता कुणी "काढा" म्हटलं तरी ते माझ्या हातात नाही.

१४ ऑगस्ट

सलील वाईट नाही. त्यानं वकिलांना विचारलं. खरी घटना, खरी व्यक्ती असेल तर ते लगेच काढतील. पण तसं लेखी हवं – नाव, नातं, काय घडलं ते. नाहीतर ती कथा. आणि कथा त्यांची.

म्हणजे गुपित राखायला ते लिहून द्यायचं.

"खोटं नाव टाकून द्या ना, ताई," कपिल म्हणाला. "कोन येऊन राह्यलं इकडं तपासाले?" तासभर मलाही ते पटत होतं.

१७ ऑगस्ट

तानाबाईंच्या वावरात. निंदण चालू होतं. सगळं सांगितलं, नमुन्याचंही. त्यांचा हात थांबला नाही.

"तुमी काढतो म्हने नं?"

"म्हटलं होतं."

"हं." दोन-तीन तण उपटून झाल्यावर – "अन् तो कागद किती जन वाचन?"

"पाच-सहा."

"मुंबईचे सा जन." खुरपं मातीत रोवलं. "पंधरा वर्सं झाले, मी आज सांगतो, उद्या सांगतो करून राह्यली. दर बाजाराले दारव्ह्यात तिच्या दारावरून जातो. थ्या सा जनाइच्या आधी तिले तं कळू द्या. चार रोज काई लिहू नका."

दर वेळी जेवल्याशिवाय सोडत नाहीत. आज पाण्याचंही विचारलं नाही.

२० ऑगस्ट

तानाबाईंचा फोन. "सांगतलं तिले. मशीन बंद करून बसली." ठेवला.

२१ ऑगस्ट

दुपारी वैष्णवीचा फोन. मला वाटलं, काकूबद्दल बोलेल. नाही.

"ताई, तुमाले कवापासून माईत होतं?"

"नोव्हेंबरपासून."

"अन् मुंबईवाल्याइले?"

"त्यांनी ऐकलं मार्चमध्ये. ते तुझं आहे, हे त्यांना माहीत नाही."

"म्हंजे सगळ्यात शेवटी मी."

उद्या: दारव्ह्याला जाऊन वैष्णवीला विचारायचं – त्या कागदावर तुझं नाव लिहू का?