सात मुक्काम

मु. धावजीनायकाचा तांडा, ता. पुसद
दि. ५ डिसेंबर १९५८

चि. भावसिंगास बापूचे अनेक आशीर्वाद. वि. वि. इकडे कापसाची दुसरी वेचणी चालू आहे. बैल बरे आहेत. तुझ्या याडीच्या डोळ्यांचे मात्र बरे नाही. यवतमाळच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. उजवा डोळा गेलाच आहे, डावा उन्हाळ्यापर्यंत पुरेल, पुढचे सांगता येत नाही म्हणाले. येताना मोटारीत तीच म्हणाली की, मले एकदा समुद्र पाहू द्या, मग डोळे राह्यले काय अन् गेले काय.

तिचा आजा लदेणीवर, म्हणजे बैलांवर माल घालून, मीठ आणायला कोकणात जात असे. तिथल्या पाण्याला पलीकडचा काठच नाही, असे त्याने तिला लहानपणी सांगितले होते. तुझ्या आईला ते आजपर्यंत खरे वाटलेले नाही. आपला आजा थापा मारत होता की काय, एवढे तिला बघायचे आहे.

तू लिहिलेस की मे महिन्यात रजा मिळेल, तेव्हा सगळे मिळून आपले आपण जाऊ. पण मेपर्यंत डोळा थांबेल का? पुसदच्या विठ्ठलराव मास्तरांनी मला एका यात्रा कंपनीचे छापील पत्रक दिले. जानेवारीत मुंबईहून बोट निघते. प्रत्येक बंदरावर मोटार तयार, देऊळ दाखवणार, किल्ला दाखवणार, पुढे झेंडा घेतलेला माणूस. खाली लिहिले आहे : नऊ दिवसांत सात मुक्काम. मी ते तीनदा वाचले. सात मुक्काम म्हणजे सात रात्री पाण्याकाठी. मी मास्तरांना आम्हा दोघांची नावे घालायला सांगितली. याडीने तवा आणि सात मुक्कामांचे पीठ वेगळे बांधून ठेवले.

बोट थांबते तेव्हा तिला कशाला बांधतात ते कळव. दोर आपला आणावा लागतो का तेही. लालीबाईला व मुलांना आशीर्वाद. आमच्यावरची माया मुंबईच्या गडबडीत पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा बापू,
गुलाबसिंग

—

मुंबई
दि. १४ डिसेंबर १९५८

ती. बापू व याडी यांच्या पायांवर डोके ठेवून भावसिंगाचा शि. सा. न. वि. वि. आपले पत्र लालीबाईला वाचून दाखवले. दोराच्या जागी ती हसली, मग डोळ्यांचा मजकूर मला पुन्हा वाचायला लावला आणि आत निघून गेली.

मी स्वतः कंपनीच्या कचेरीत जाऊन आलो. माणसे वाईट नाहीत. पण बापू, त्यांचा मुक्काम दोन तासांचा आहे. एका बंदरावर तर दीडच तास. उतरायचे, मोटारीत बसायचे, देऊळ, किल्ला, परत. दोन शिट्ट्या झाल्या की बोट निघते, मागे राहिलेल्याची वाट पाहत नाही. रात्री सगळ्या बोटीतच. सात मुक्कामांना चूल कुठे मांडायची असे मी विचारले, तेव्हा तिथल्या कारकुनाने मला पंखा लावून दिला आणि प्यायला पाणी आणवले.

याडीला उन्हातून घरात आल्यावर नजर बसायला किती वेळ लागतो, ते मला दिवाळीत दिसले आहे. दोन तासांत तिला काय दिसणार? आणि मेच्या आधी साहेब मला एक दिवसही सोडत नाही. दोनदा विचारले. तिसऱ्यांदा त्याने मान वरच केली नाही.

आणखी एक वाट आहे, ती लिहू की नको असे झाले आहे. माझ्याबरोबर गोदीत काम करणाऱ्या एकाची आई हर्णैला असते, घर अगदी वाळूवर. तिची पडवी रिकामी आहे, हवे तितके दिवस राहा म्हणते. इथून साधी बोट जाते. मी तुम्हाला धक्क्यावर बसवून देईन, पण पुढे सोबत कोणी नाही. जवळच्या दिग्रसला जायचे तरी दोन दिवस आधीपासून तुम्हाला जेवण जात नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून आग्रह करत नाही. ठरवणे तुमच्याकडे.

मुलांचे दंडवत. रागावलात तरी पत्र धाडावे, रागाचेही चालेल.

आपला आज्ञाधारक,
भावसिंग

—

तांडा
दि. २७ डिसेंबर १९५८

चि. भावसिंगास आशीर्वाद. वि. वि. तुझे पत्र आल्यापासून माझे डोके ठिकाणावर नाही. मुक्काम म्हणजे बैलांच्या पाठीवरून गोण्या उतरल्या पाहिजेत, तीन दगड मांडले पाहिजेत, धूर निघाला पाहिजे. सगळी माणसे मोजून झाल्याशिवाय नायक पाणी पीत नसे. एक म्हातारी मागे राहिली तर सगळा तांडा बसून राही. दोन तास उभे राहण्याला मुक्काम म्हणतात हे मला सत्तर वर्षांत कोणी सांगितले नव्हते. मास्तरांशी वाद घातला. ते म्हणाले की नायक, छापील शब्दाचा अर्थ छापणाऱ्याला विचारायचा असतो. नावे मी काढून घेतली.

काढली आणि मग घाम फुटला. जानेवारीची खात्रीची बोट गेली, मे दूर. संध्याकाळी वेचलेल्या वावराच्या धुऱ्यावर, बांधावर, बसून राहिलो. वारा सुटला होता. राहिल्या कापसाची पराटी सगळी एका बाजूला झुकायची, पुन्हा उठायची. मला वाटले समुद्र असाच असेल. पाहता पाहता पायाखालची माती हलते आहे असे वाटू लागले आणि मी धुऱ्यावरचा पळस धरला. तुझी याडी मागे येऊन उभी होती. तिने विचारले की, पराटीत बुडून राह्यले काय?

मी तिला तिन्ही वाटा सांगितल्या. ती म्हणाली की सात वेळा कोणी दाखवण्यापेक्षा एकदा मी बघेन, अन् आत्ताच बघेन. सोबत कोणी नाही म्हटले, तर म्हणाली की तुम्ही आहा ना. भावसिंग, एवढ्या वर्षांत माझ्या भरवशावर ती कुठे निघालेली मला आठवत नाही.

१५ जानेवारीला दारव्ह्याच्या लहान गाडीने निघतो. मूर्तिजापूरला गाडी बदलायची, तिथे फलाट चुकला तर काय करायचे ते लिही. बोटीत मळमळले तर लिंबू चालते का? आम्ही हरवलोच तर तुझा पत्ता याडीच्या ओढणीला आतून शिवून ठेवला आहे.

तुझी भुरीबाई आत्या म्हणते की गुलाब्या अर्ध्या रस्त्यातून परत येईल. तिचे ऐकू नकोस, मीही ऐकत नाही. जीव लावला आहेस तसाच लावून ठेव.

गुलाबसिंग

—

हर्णै
दि. २२ जानेवारी १९५९

चि. भावसिंगास दोघांचे अनेक आशीर्वाद. वि. वि. धक्क्यावर तू हात हलवत होतास ते दिसले, पण मी कठडा धरला होता म्हणून मला हलवता आला नाही. मनात धरू नकोस.

इथे मोठी बोट लांबच उभी राहते आणि माणसांना लहान होडीत उतरवतात. ते तू लिहिले नव्हतेस. बरे झाले. होडीत मी डोळे मिटून घेतले. शेजारी कोणत्या तरी कंपनीच्या बोटीतून माणसे उतरत होती, पुढे झेंडा होता. त्यांतल्या एका बाईने याडीच्या अंगातली आरशांची काचळी पाहून विचारले की तुम्ही कोणत्या कंपनीच्या. याडी म्हणाली की आमची दोघांचीच कंपनी हाय, अन् मालक डोळे मिटून बसला हाय.

उतरलो तेव्हा दुपार होती. ऊन पाण्यावरून सरळ तोंडावर येत होते. तिला नुसते पांढरे दिसले. पडवीशी वाळूत डोळ्याला पदर लावून बसली. तेवढ्यात झेंड्याची माणसे परत आली, होडीत चढली, दुसरी शिट्टीही झाली, बोट गेली. मला वाटले, आपण उशीर केला, आता काही दिसायचे नाही. मी समुद्राकडे पाठ करून बसलो होतो. तिच्याकडे बघवत नव्हते.

ऊन उतरल्यावर तिने पदर काढला. पुष्कळ वेळ बघत राहिली. मग माझ्या खांद्याला धरून मला फिरवले आणि हळूहळू सांगू लागली. जवळचे हिरवे आहे, मागचे निळे, त्याच्या मागे एक रेघ आहे, आणि रेघेच्या पलीकडे खरेच काही नाही. आजा खरे बोलत होता म्हणाली. तिने सांगितले तसतसे मला दिसत गेले, आणि भीतीही तेवढ्यापुरती कुठे गेली कळले नाही.

आज पाचवा दिवस. ती सकाळी बसते, ऊन वर आले की आत येते, उतरले की पुन्हा बसते. घरची आजी, तुझ्या सोबत्याची आई, मासे सुकवता सुकवता तिच्याशी बोलते. दोघींना एकमेकींचे निम्मे कळते. मी काल घोट्यापर्यंत पाण्यात गेलो होतो.

तू धक्क्यावर कधी यायचे ते विचारले आहेस. मी याडीला विचारले. ती म्हणाली की अजून बघून झाले नाही. म्हणून तारीख लिहीत नाही. लालीबाईस व मुलांस आशीर्वाद. आठवण काढत जा, इथे ती पोचते.

तुझा बापू,
गुलाबसिंग