बाबांना दात येताहेत

प्रिय आविआया,

तुझे बाबा मजेत आहेत. परवापासून त्यांना दात येऊ लागलेत, त्यामुळे हाताला लागेल ते तोंडात घालतात आणि लाळेनं माझी मांडी भिजवून ठेवतात. वाचताना कपाळाला आठ्या घालू नकोस. इतकी वर्षं तिकडे समुद्रापार आल्बोर्गला राहिलीस, तरी इथे उत्तरेच्या बर्फात आपल्याकडे गेलेला माणूस नावासकट नव्या बाळात कसा परत येतो ते विसरली नसशील. बाबा नोव्हेंबरात गेले आणि डिसेंबरात शेजारच्या नुकाला मुलगी झाली. पोर जी रडायला लागली ती थांबेचना. नुकाच्या आजीचं नाव देऊन पाहिलं, काकांचं देऊन पाहिलं, काही उपयोग नाही. शेवटी तिची सासू म्हणाली, "अगं, शेजारचा म्हातारा आलाय दारात, त्याला ओळख तरी दाखवा!" कुणीतरी कानात बाबांचं नाव, 'इनुतेक', म्हटलं आणि पोर गप्प. मला बोलवायला आले तेव्हा मी डावा बूट उजव्या पायात घालून धावत सुटले होते.

गावानं तर सुटकेचा निःश्वास टाकला. नावाला नवं घर मिळेपर्यंत ते उच्चारायचं नाही, आणि आपल्या दुकानदाराचं नावही इनुतेकच! तेवढे दिवस सगळे त्याला "ए दुकान" म्हणून हाका मारत होते. "मेलोय का मी?" म्हणून तो बिचारा चिडायचा. आता तो रोज बाळासाठी काहीबाही पाठवतो, नावबंधू ना तिचा!

तुला माझा स्वभाव माहीत आहे. नुसतं ऐकून माझं समाधान होत नाही. हे खरंच तेच, की माझ्याच मनाचे खेळ, हे बघायला मी रोज जाते. कॉफीचा कप नाकाजवळ धरला, तर शिंकली. त्यांच्या शिकारीच्या भाल्याचं, हार्पूनचं, टोक दाखवलं, तर ढुंकून पाहिलं नाही आणि माझी वेणी ओढली. तुझ्या बाबांनी उभ्या जन्मात माझी वेणी ओढली नव्हती, तेव्हा हे नवीनच म्हणायचं. मग त्यांचा म्हातारा कुत्रा नेला, तो कुणालाही जवळ येऊ न देणारा. तो बाळाचे पाय हुंगून तिथेच पसरला. मला रडू फुटलं. मागाहून नुका म्हणाली, "अहो, मी तिच्या पायांना आत्ताच सीलची चरबी चोळली होती." झालं, पुरावा बाद. तरी मी तिला 'अहो' म्हणते आणि ती माझ्याकडे बघून हसते. आता यातलं किती त्यांचं आणि किती तिचं, कुणी सांगावं? तुला काय वाटतं, ते मला खरंच ऐकायचंय.

सूर्य आता मावळायचं नाव घेत नाही. तुमच्याकडे म्हणे उन्हाळ्यातसुद्धा तो रोज मावळतो. मग माणसं अर्धवट राहिलेली कामं कधी उरकतात? कड्यावर पक्षी आलेत. मी जाळं घेऊन दगडात बसते, थवा अगदी डोक्याला घासून जातो, आणि मी जाळं फिरवायचंच विसरते. अख्खा हिवाळा कुठे कुठे समुद्रावर काढून यांना नेमका हाच कडा कसा सापडतो? तुझ्या बाबांना हे विचारलं की म्हणायचे, "तू आधी पकड, मग त्यालाच विचार." गेल्या आठवड्यात बाळाला माझ्या कोटाच्या पाठीवरच्या मोठ्या टोपीत घेऊन समुद्रावरच्या बर्फाच्या कडेपर्यंत गेले होते. तिथे यंदाचे पहिले नारव्हाल, ते लांब सुळ्याचे देवमासे, आले होते. दिसत नव्हते, पण श्वास ऐकू येत होते, लांब आणि ओले. बाळाला उचकी लागली होती, ती थांबली. तीसुद्धा ऐकत होती. मी हलले नाही, आणि मला तो धुक्याचा दिवस आठवला.

त्या दिवसाबद्दल आपण दोघी कधीच बोललो नाही. नारव्हाल खाडीत शिरलेले, सगळं गाव किनाऱ्यावर दम धरून बसलेलं, पोरांना पाण्यात खडासुद्धा टाकू देत नव्हते. धुकं उतरलं आणि बाबांची कातडी होडी, त्यांची कयाक, दिसेनाशी झाली. बाकीचे शिकारी एकेक करून परतले, ते आले नाहीत. तू कुणाला न विचारता मोटारबोट सुरू केलीस. त्या आवाजानं नारव्हाल जे गेले ते त्या उन्हाळ्यात फिरकलेच नाहीत. एकाही घरात मत्ताकचा, त्यांच्या कातडीसकट चरबीचा, तुकडा शिजला नाही की कच्चा कापला गेला नाही. आणि बाबा धुक्यातून धडधाकट बाहेर आले, सगळ्यांदेखत तुझ्यावर ओरडले, "गावाच्या तोंडचा घास काढलास! पुन्हा मला तोंड दाखवू नकोस." तूही काही कमी नाहीस. "तुम्ही मेलात तरी येणार नाही," म्हणालीस आणि मिळेल त्या विमानानं गेलीस. दोघांनी शब्द पाळला. त्यांना दगडांखाली ठेवलं तेव्हा तू फुलं पाठवलीस, ती वाटेत गोठली. मी ती तशीच दगडांच्या फटीत खोचली. हिवाळाभर लाल राहिली. मला तुझा राग आला होता, आविआया, खोटं कशाला बोलू? पण मेल्यावर येणार नाही म्हणाली होतीस, पुन्हा जन्मल्यावर येणार नाही असं काही म्हणाली नव्हतीस.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. गेल्या शरदात कयाकचं कातडं शिवता शिवता बाबा अचानक म्हणाले, "त्या दिवशी मी वाट चुकलो होतो." धुक्यात गाव समजून ते उघड्या समुद्राकडेच वल्हवत चालले होते. हात बधिर झाले होते. मग इंजिनाचा आवाज आला आणि त्या आवाजाच्या मागे मागे ते किनाऱ्याला लागले. पाहतात तो सगळं गाव उभं. गावातला अव्वल शिकारी, आणि त्याला पोरीनं घरी आणला! "लाज वाटली गं, म्हणून ओरडलो," म्हणाले. मी म्हटलं, लगेच फोन करा. तर म्हणाले, "तू मध्ये पडू नकोस, मीच सांगेन." आणि फोन वाजला की कुत्र्यांना खायला घालायला बाहेर पळायचे. मग छातीत कळ आली, वादळात हेलिकॉप्टर उडेना, आणि सांगायचं राहून गेलं. काल बाळाला मांडीवर घेऊन विचारलं, "अहो, सांगू का तिला?" तिनं तोंडातला घास माझ्या अंगावर उडवला. मी तो होकार धरला. तू ये. तिला उचलून घे, इतकी वर्षं मनात साठवलेलं सगळं बोल, हवं तर भांड. पण त्यांना बोलायला यायच्या आत ये, नाहीतर ते सगळं नाकबूल करतील.

वाट पाहणारी,
तुझीच आई