संगमरवर फॉस्फेट घेत नाही

सोम. ३ जाने. २००५
अकरावीच्या मुलांचं प्रॅक्टिकल घेऊन माझ्या दोन बाटल्या उघडल्या. तीन दिवस झाले. दोन्हींत सारखंच फॉस्फेटचं पाणी; एकीत खायच्या तिसऱ्यांच्या शिंपल्या, दुसरीत संगमरवराचे फाशाएवढे तुकडे. थोडं थोडं पाणी परीक्षानळीत घेऊन मॉलिब्डेट टाकलं. जेवढं फॉस्फेट उरलंय तेवढा निळा रंग. शिंपल्यांचं जेमतेम निळं. संगमरवराचं पहिल्या दिवशी होतं तस्सं.
दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटच की. शिंपलीत अणूंची मांडणी वेगळी, एवढाच फरक. मग एकाने सगळं गिळलं आणि दुसऱ्याने तोंडही लावलं नाही, हे कसं? जेवताना तेच डोक्यात. रवीने नवऱ्याच्या हक्काने टोकलं, "बाई, भात निवतोय."

गुरु. ६ जाने.
उल्हासनगरला सरांकडे. माझे एम.फिल.चे गाइड. वही तीनदा उलटसुलट पाहिली. "मांडणी बदलली की वागणं बदलतं. छान आहे हे, मॅडम." लगेच २९च्या सेमिनारला विषय पाठवला: 'शिंपली फॉस्फेट घेते, संगमरवर घेत नाही.' माझी शेवटची मुदतवाढ मार्चमध्ये संपते. प्रबंध जमा करायच्या फॉर्मवर सेमिनारनंतर सही करतो म्हणाले. दोन वर्षांत पहिल्यांदा वाटलं, होईल बहुतेक.

मंगळ. ११ जाने.
पुन्हा करून पाहिलं. तेच उत्तर. तिसऱ्यांदा मांडताना एक तुकडा हातातून निसटला, फरशीवर पडून दोन झाले. टाकायचं जिवावर आलं. वेगळ्या बाटलीत, त्याच पाण्यात ठेवला.

शुक्र. १४ जाने.
फुटक्या तुकड्याचं पाणी फिकट. नळी पुन्हा धुतली, पुन्हा केलं. फिकटच. भिंगातून पाहिलं तर गुळगुळीत बाजू आरशासारखी, फुटलेली बाजू भुरकट, वर पांढरी बुरशी धरल्यागत. एकाच दगडाच्या दोन बाजू.
तिळगूळ वाटायला शेजारी जायचं राहिलं. आई चिडली. चिडू दे.

शनि. १५ जाने.
उल्हासनगर कॅम्प ४, लच्छूभाईंचं मार्बलचं वर्कशॉप. तुकडे त्यांनीच फुकट दिले होते. विचारलं, ह्याला काही लावता का? ते एकदम खूश. "अरे मॅडम, कॉलेज के लिए कच्चा माल देगा क्या मैं? छहों साइड पॉलिश करवाया. लास्ट में ऑक्झॅलिक मारा, तब ये चमक आया."
ऑक्झॅलिक. ॲसिडच्या पुडीचं पोतंच दाखवलं त्यांनी. मी तिथेच स्टुलावर बसले. ऑक्झलेट आणि कॅल्शियम म्हणजे न विरघळणारा पांढरा साका, हे मी नऊ वर्षं फळ्यावर लिहितेय. सहाही बाजूंवर त्याची साय धरलेली. फॉस्फेटला कॅल्शियम दिसणार कुठून? त्या माणसाने मानाने दिलं आणि मी न विचारता घेतलं. स्वतःची इतकी लाज वाटली की चहा नको म्हणायचंही सुचलं नाही, दोन कप प्यायले. बिनपॉलिशची खांडकं मागून घेतली. "ये तो कचरा है," म्हणाले, वाईट वाटलं त्यांना.

मंगळ. १८ जाने.
कचऱ्याने फॉस्फेट घेतलं. शिंपलीपेक्षा कमी, पण घेतलं. म्हणजे मांडणीचाही थोडा वाटा असेल? की फक्त पृष्ठभाग कोरा हवा? कितीतरी वेळ नळ्या उजेडात धरून बसले. खरं सांगायचं तर मजा येत होती. मग सेमिनार आठवला.

गुरु. २० जाने.
सरांना सांगितलं. त्यांनी वही मिटली. मग, "बारावीला सॉल्ट ॲनालिसिस तुम्हीच शिकवता ना?" लागलं मला. पण बरोबरच. पुढे म्हणाले, "कार्यक्रमपत्रिका छापून झालीय. जे पाठवलंय तेच वाचा. बाकीचं नंतर पाहू."
म्हणजे सहीचं काय, ते विचारायचा धीर झाला नाही.

शुक्र. २८ जाने.
प्रोजेक्टरवर लावायच्या दोन ट्रान्सपरन्सी तयार. जुनी टाइप केलेली, सुबक. नवी हाताने लिहिलेली. रवी म्हणाला, "मार्च गेला तर दोन वर्षं पाण्यात. सर सांगतायत तसं कर ना." तो काही वाईट सांगत नाहीये. पण ती फुटकी बाजू मी डोळ्यांनी पाहिलीय, आता न पाहिल्यासारखं कसं करू?

शनि. २९ जाने.
नवी लावली. विषयाचं नाव वाचलं आणि म्हटलं, हे चूक आहे, का चूक आहे ते सांगते. पॉलिशवर हशा पिकला. सर पहिल्या रांगेत, मान खाली.
चहाला माझ्याजवळ कोणी नव्हतं. फॉर्म पिशवीत. सर आले, फॉर्मचं नावही काढलं नाही. बशी हातात धरून उभे. मग म्हणाले, "त्या फुटक्या तुकड्यावर साय संपते आणि कोरा दगड सुरू होतो, त्या कडेवर काय झालं होतं?"
पाहिलं नव्हतं. तसं सांगितलं.
"मग पाहायला नको का?" म्हणाले, आणि चहा तसाच ठेवून गेले.