उदासीवरच्या गोळ्या

१४ मार्च

बारक्या,

अनेक आशीर्वाद. आई बरी आहे, गुडघे कुरकुरतात तेवढंच. बेकरीत नवी भट्टी आली. माझी जखम केव्हाच भरली, मैद्याची पोती पुन्हा उचलायला लागले. झाली खुशाली सांगून. तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहितेय, आणि रागाने लिहितेय.

तुला पुन्हा भरती केलं त्या दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्तात औषध जवळजवळ नाहीच, म्हणजे हा गोळ्या चुकवतोय. मी भर वॉर्डात त्यांच्याशी भांडले. माझा भाऊ एक गोळी चुकवणार नाही, म्हटलं. तू शेजारच्या खाटेवर खाली मान घालून बसला होतास. माझी शोभा होऊ दिलीस.

मग नर्सने विचारलं, आणखी काही घेतो का? तुझ्या बायकोने पर्समधून बाटली काढली. उदासीवरच्या झाडपाल्याच्या गोळ्या. वनस्पतींच्या आहेत, अपाय नाही, असं दुकानदार म्हणाला म्हणे.

बाईंनी मला नीट समजावलं. आतड्याच्या पेशींच्या आवरणात पंपासारखी प्रथिनं असतात. परकं काही आत शिरलं की ती परत बाहेर फेकतात. आपलं औषधही त्यांना परकंच, तरी एरवी पुरेसं रक्तात पोचतं. तुझ्या त्या गोळ्यांनी पंप वाढले, यकृतही औषधाचा फडशा पाडायला लागलं. ज्या औषधाने तुझ्या शरीराला आवरायचं, ते पोचलंच नाही आणि शरीर मी दिलेल्या किडनीवर तुटून पडलं. तू इमानाने रोज औषध घेत होतास, आणि सगळं वाया जात होतं.

पंपांना काय बोलणार? राग तुझाच येतो.

इंजेक्शनांनी हल्ला थांबलाय. किडनीचं गेलं ते परत येणार नाही, उरलंय ते सांभाळलं तर टिकेल, असं बाई म्हणतात. पण मी किडनीसाठी चिडलेय असं तुला वाटत असेल, तर तू महामूर्ख आहेस.

तुझ्या बायकोने जिन्यात मला सगळं सांगितलं. सकाळी एक मोजा हातात धरून तू कितीतरी वेळ बसून राहतोस. ती म्हणाली, ताईंना सांगू या. तू म्हणालास, "ताईला कापून मी जगतोय. मला जगावंसंच वाटत नाही, हे तिला कुठल्या तोंडाने सांगू?"

हे वाक्य लिहायचं म्हणून एवढा वेळ इकडचं तिकडचं लिहीत बसले.

दुकानदाराला सांगितलंस आणि मला नाही? मी काय तुझ्याकडून जन्मभर हसरा चेहरा वसूल करणार होते? ऑपरेशन झाल्यापासून तू माझ्याशी एकदाही भांडला नाहीस. नुसतं "हो ताई, हो ताई." मला देव्हाऱ्यात बसवून मोकळा झालास.

मनाच्या डॉक्टरांची मंगळवारची वेळ घेतलीय. तुझ्या औषधाच्या आड न येणारं औषध ते देतील, बाईंनी तसं बोलून ठेवलंय. मी रविवारीच येतेय. रड, ओरड, हवं तर तोंड फिरवून बस. दार मात्र उघड.

तुझ्यावर भयंकर चिडलेली, आणि जिला तू हवाच आहेस अशी,
ताई