गिटारीचे धड आणि बाकीची मालमत्ता

मी, खाली सही करणारी, वय एकोणसत्तर, व्यवसाय लाकडी सामानाला पॉलिश करणे, हे मृत्युपत्र कोणाच्या दबावाखाली नव्हे आणि कोणाच्या प्रेमाखालीही नव्हे, तर पूर्ण शुद्धीत आणि थोड्या रागात लिहीत आहे.

माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो मुलाच्या कृपेने मिळाला. आईने भंगारातून इलेक्ट्रिक गिटार उचलून आणली म्हणजे तिला भ्रम झाला, असे ठरवून त्याने गेल्या वर्षी डॉक्टरांना घरी आणले. त्यांनी मला वार विचारला आणि शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले. मी दोनपर्यंत उतरले आणि त्यांच्या बॅगेची कडी ढिली झाल्याचेही सांगितले. चिरंजीव तोंड पाडून बसले. खालच्या कामाच्या खोलीची समोरची भिंत पाडून तिथे त्यांना गाडी लावायची आहे. आई वेडी ठरली असती, तर तिला विचारावे लागले नसते.

कलम १. माझा थोरला भाऊ. वडिलांच्या दुकानात पॉलिश मी करायचे आणि गिऱ्हाईक आले की हात पुसत दादा पुढे यायचा. वडील गेल्यावर दुकान त्याच्या नावावर झाले. "तुला कशाला दुकान? तू लग्न करून जाशील," असे म्हणाला. मी लग्न करून गेले आणि त्याने चार वर्षांत दुकान बंद पाडून दाखवले. त्याला सर्वांत खरखरीत पॉलिश पेपरचा एक ताव द्यावा. त्याचे काय करायचे ते त्याचे त्याने ठरवावे.

कलम २. माझे पती हयात नाहीत, म्हणून त्यांना काही देण्याचा प्रश्न नाही. हयात असते तरी नसता. ते हॉटेलातल्या बँडमध्ये गिटार वाजवायचे. लाल गिटार होती. मी जवळ गेले की म्हणायचे, "हात लावू नकोस, थिनरचा वास लागतो तिला." त्या वासावर घर चालले होते, हे त्यांच्या नाकाला कधी कळले नाही. ते गेले त्याच आठवड्यात मुलाने गिटार मित्राला विकली. मला विचारले नाही. मी विचारले तेव्हा म्हणाला, "तुला काय कळतं त्यातलं?"

ते वाक्य मी सात वर्षे सांभाळले.

कलम ३. मग दोन वर्षांपूर्वी भंगारबाजारात, जुन्या टायरांच्या ढिगात, मला एका गिटारीचे धड दिसले. मान नाही, तारा नाहीत, वर कोणीतरी ब्रशने काळा रंग फासलेला. भंगारवाला म्हणाला, "घ्या मावशी, भाजी चिरायला फळी होईल." मी उचलून पाहिले. वजनावरूनच कळले की लाकूड उत्तम आहे. त्याला सांगितले नाही.

गरम हवेच्या यंत्राने रंग फुगवून पट्टीने खरवडला. काळ्याखाली निळा, निळ्याखाली पांढरा आणि त्याखाली मधाच्या रंगाचे, लांब रेषांचे लाकूड. असल्या लाकडावर रंग फासणाऱ्याला कायद्यात शिक्षा नाही, ही कायद्याची उणीव आहे. खड्डे भरले, घासले, सीलर मारला. आणि मग चाळीस वर्षांचा अनुभव गुंडाळून ठेवून मी दमट हवेत लॅकर फवारला. सकाळी पाहते तो सगळे दुधासारखे पांढरे पडलेले. दुसऱ्या कोणी केले असते तर मी त्याला महिनाभर ऐकवले असते. मुकाट्याने सगळे उतरवले आणि कोरड्या दिवसांची वाट पाहिली. दहा पातळ हात दिले, महिनाभर सुकू दिले, मग ओल्या कागदाने घासून चकाकी आणली.

मान दुसऱ्या गिटारीची मिळाली. स्क्रूची भोके जुळेनात, म्हणून जुनी भोके लाकडी खुंट्या चिकटवून बुजवली आणि नवी पाडली. आतली वायरिंग पलीकडच्या गल्लीतल्या रेडिओवाल्याने केली. स्पीकरला जोडल्यावर नुसती घरघर. "ताई, ही गिटारच तशी आहे," तो म्हणाला. अर्थिंगची तार त्याच्या डोळ्यांसमोर लोंबकळत होती. मी बोट दाखवले, त्याने ती जोडली आणि घरघर थांबली. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही असे वकील म्हणाले, म्हणून त्याला साक्षीदार केले आहे.

कलम ४. बँकेतली ठेव मुलाला. वरच्या तीन खोल्या मुलगा आणि सून या दोघांच्या नावे, निम्म्या-निम्म्या.

कलम ५. खालची कामाची खोली, सर्व हत्यारे आणि वरील गिटार एकट्या सुनेला. कारण लिहिणे भाग आहे, नाहीतर मुलगा पुन्हा डॉक्टर शोधेल.

ही मुलगी अकरा वर्षे या घरात आहे. बोलत नाही म्हणून मी तिला मुकी म्हणत आले. घरघर थांबली त्या दिवशी रेडिओवाला आणि मी गिटारीकडे बघत बसलो होतो, कारण वाजवता दोघांनाही येत नव्हते. त्याने तारा ओढून पाहिल्या. सून चहा घेऊन आली, कप ठेवले आणि म्हणाली, "तिसरी तार उतरलीये."

"तुला काय कळतं त्यातलं?" हे मी म्हणाले. मी.

तिने गिटार मांडीवर घेतली, तारा जुळवल्या आणि वाजवू लागली. आधी अडखळत, मग सरळ. रेडिओवाल्याचा चहा निवला.

"कुठे शिकलीस?"

"कॉलेजात. आमचा मुलींचा बँड होता."

"मग सोडलंस का?"

"लग्न ठरवायला तुम्ही सगळे आला होतात ना, तेव्हा हे म्हणाले, आमच्या घरात एक वाजवणारा आहे तेवढा पुरे." तिने तारांवर हात ठेवून आवाज बंद केला. "आणि तुम्ही मान डोलावलीत, आई."

मला ते आठवत नव्हते. घरी येऊन विसरून जावे इतके ते मला किरकोळ वाटले असणार. दादाने, नवऱ्याने, मुलाने काय काय केले याची यादी मी इतकी वर्षे पाठ ठेवली आणि माझे नाव त्यात घालायचे राहिले. ते या कलमात घालत आहे.

गिटार तिने वाजवावी, विकावी किंवा भिंतीला टांगावी. खोलीत शिकवणी घ्यावी किंवा कुलूप लावून निवांत बसावे. मी कोणतीही अट घालत नाही. तिला अटी घालणारे या घरात पुष्कळ झाले.

वाचून पाहिले, बरोबर आहे, सही करते.

सही : (पॉलिशवाली)

साक्षीदार १ : रेडिओ दुरुस्त करणारा. सही केली, मजकुराबद्दल तक्रार आहे.
साक्षीदार २ : समोरच्या घरातली शिंपीणबाई. सही केली, तक्रार नाही.

ठिकाण : कामाच्या खोलीतले टेबल
दिनांक : १३ मार्च २०१८, मंगळवार